काहीच पुसू न देणारे काका

आमच्या स्टुडिओत शिवी चालायची, ‘डिलीट’ चालायचं नाही. लग्नाच्या फोटोत एखाद्या मामीचे डोळे मिटलेले असोत, नवरदेवाच्या तोंडात अख्खा पेढा असो, नाहीतर नुसता मांडवाचा खांब आणि खांबाला अंग घासणारं कुत्रं असो, मी पुसायला बोट उचललं की मागून काका खाकरायचे. मी म्हणायची, "काका, या फोटोत कोणीसुद्धा नाही." ते चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावायचे आणि म्हणायचे, "कोन म्हंते नाई? नीट पाय, खांबामांगं बुडी बसली हाये."

आणि बुडी, म्हणजे म्हातारी, असायचीच. कुठून शोधून काढायचे देव जाणे.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मी मेहकरची, लग्न होऊन मलकापुरात आले. कॉम्प्युटरचा कोर्स झालेला होता आणि घरी बसून भिंती मोजायचा स्वभाव नव्हता, म्हणून स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या फोटो स्टुडिओत अल्बम डिझाइन करायला लागले. मालक म्हटलं तर त्यांना राग यायचा, सर म्हटलं तर हसायला यायचं, मग काका म्हणू लागले. ते मला पोरी म्हणायचे. मला स्वतःची पोरगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी मी पोरीच.

फोटो न पुसण्यामागे त्यांचं एक कारण होतं. घरात माणूस गेलं की तेरवीच्या आत त्याचा मोठा फोटो लागतो, हार घालायला. आणि नेमकं तेव्हाच घराच्या लक्षात येतं की या माणसाचा धड फोटोच नाही. आधार कार्डावर चांगला माणूससुद्धा आरोपी दिसतो. मोबाइलमध्ये असतो त्यात तोंडावर ऊन पडलेलं असतं आणि शेजारी अर्धा बैल. मग ती माणसं आमच्याकडे यायची, बाकावर बसायची आणि काका त्यांना एकच विचारायचे, "कोन्या लग्नात गेले होते ते?" त्या लग्नाचे फोटो आमच्याकडे असायचे. पंगतीत, आहेराच्या रांगेत, हळदीच्या गर्दीत, कुठेतरी ते माणूस सापडायचंच. तेवढंच कापून, मोठं करून, मागचा पसारा काढून मी फोटो तयार करायची.

"लग्नात एक नवरा असते, एक नवरी असते," काका म्हणायचे, "बाकी सारे तेरवीचे फोटो असतात." हे त्यांनी एकदा लग्नाची सुपारी द्यायला आलेल्या नवरीच्या बापासमोर म्हटलं. तो बिचारा हळदीच्या कपड्यांचं बोलत होता. त्याचा चेहरा बघून मी पटकन चहा मागवला.

पोज देणाऱ्यांचा त्यांना भारी तिटकारा. "पोज देल्ली का माणूस तवाच मेल्यासारका दिसते," असं त्यांचं मत. माणूस खरा दिसतो तो जेवताना, नाहीतर मांडवाबाहेर आपल्या चपला शोधताना. म्हणून आमच्या प्रत्येक लग्नात चपला शोधणाऱ्यांचे ढीगभर फोटो असायचे. नवरीकडचे विचारायचे, हे कशाला काढले? काका म्हणायचे, "हो हो, काढून टाकतो." आणि ठेवून द्यायचे.

हे ‘हो हो’ म्हणजे त्यांचं ब्रह्मास्त्र. कोणी भांडायला आलं, हो हो. अल्बम उद्याच पाहिजे, हो हो. नवरीला अजून गोरी करा, हो हो. "इचारनाऱ्याले हो म्हनावं, पोरी. ते निंगून जाते. मंग आपलं आपन करावं," ते मला शिकवायचे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काही विचारणारी चौकट आली तरी त्यांचा हाच नियम. न वाचता हो. मी ओरडायची, "अहो, वाचा तरी काय विचारतंय." ते म्हणायचे, "त्याले काय समजते? हो म्हनलं का जाते ते."

लग्नांची नावं ठेवायची त्यांची तऱ्हा तर औरच. दुसरा कोणी नवरा-नवरीच्या नावाने फोल्डर करेल. काकांना नावं आठवायचीच नाहीत, फजिती आठवायची. म्हणून आमच्या कॉम्प्युटरवर फोल्डर असे: ‘मठ्ठा सांडला’, ‘नवरदेव रडला’, ‘बँडवाले भांडले’, ‘अक्षता वल्ल्या झाल्या’, ‘मामा रुसला’. गिऱ्हाईक म्हणायचं, माझ्या पुतणीचं लग्न, अमक्या गावाला. काका डोळे मिटून विचारायचे, "काय बिघडलं होतं?" आणि बिघडलेलं सांगितलं की फोल्डर उघडलाच. मला आधी वाटलं म्हातारा चक्रम आहे. नंतर लक्षात आलं की गावोगावचे लोक लग्न असंच लक्षात ठेवतात. तारीख विसरतात, रुसलेला मामा विसरत नाहीत.

आता एवढा पसारा ठेवायचा कुठे? काकांकडे पत्र्याची एक पेटी होती. त्यात सगळ्या हार्ड डिस्क काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधून ठेवलेल्या आणि मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळला पाला. गव्हात घालतात तसा. मी पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा पाला झरझर खाली पडला आणि मी कपाळावर हात मारला.

"काका, डिस्कला किडे लागत नाहीत."

"लागलेत का आजवर?"

"नाही."

"मंग?"

पण पाला घालून काही डिस्कचं आयुष्य वाढलं नाही. एक एक आचके द्यायला लागली. टकटक आवाज करायची आणि उघडायचीच नाही. काका तिला कानाशी धरून बसायचे. ‘मठ्ठा सांडला’ हे लग्न तर अर्धंच वाचवता आलं. त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबाही उघडला नाही, तेव्हा मी म्हटलं, आता बस. आपण क्लाउड घेऊ.

पंधरवडाभर वाद घातला त्यांनी माझ्याशी. वर म्हणजे कुठे? कोणाच्या घरी? पाऊस आला तर? मी समजावून समजावून दमले. म्हटलं, काका, आपले फोटो दुसरीकडे मोठ्या कॉम्प्युटरवर राहतात, आपल्याला लागले की खाली येतात. तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे पेव," ते म्हणाले. पूर्वी जमिनीत खड्डा करून त्यात धान्य साठवायचे, ते पेव. "घरात कोठीपुरतं ठेवायचं, बाकी पेवात. असं सांग न मंग." मी ‘अगदी तसं नाही’ म्हणेपर्यंत ते खूष होऊन चहाला निघूनही गेले होते.

मग डिस्कवरचं जे वाचलं ते सगळं, आणि नवी लग्नंही, आम्ही क्लाउडच्या फोल्डरात टाकायला लागलो. नव्या डिस्क आणणं बंद झालं, जुन्या एकेक करून बंद पडल्या. कॉम्प्युटर भरत आला, जागेची पट्टी लाल झाली, की मी जुन्या फोल्डरवर उजवं बटण दाबून ‘फ्री अप स्पेस’ करायची. म्हणजे नाव इथे राहतं, शेजारी छोटा ढग दिसतो, वजन वर जातं. काका ते बघून अस्वस्थ व्हायचे. "सावली राह्यली, माणूस गेला," म्हणायचे. मी ढगवाल्या फोटोवर टिचकी मारून दाखवायची, क्षणभर गोल फिरायचं आणि फोटो हजर. "बलावलं का येते," एवढं त्यांना पटलं. पण रोज सकाळी अगरबत्ती लावून झाली की ते कोणत्या ना कोणत्या जुन्या लग्नाला हाक मारून बघायचेच. आलं की मग शटर पूर्ण वर.

ऐन लग्नसराईत माझ्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मला मेहकरला जावं लागलं. परत आले त्या सकाळी काका दारातच उभे. चेहऱ्यावर असा आनंद की मला वाटलं नातू झाला.

"लाल पट्टी गेली," ते म्हणाले. "मीच केलं मोकळं. तुयी वाट नाई पाह्यली."

मी कौतुक केलं. खरंच केलं. माझी चप्पल पायातच होती आणि बाकावर माणसं बसलेली होती, त्यामुळे नेमकं काय केलं ते विचारायचं राहून गेलं.

बाकावर एक बाई होती आणि तिचा दीर. संग्रामपूरच्या पुढच्या गावाहून पहिल्या गाडीने आलेले. वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावणारं घर. नवरा गेला होता तिचा, चार दिवस ताप आला आणि गेला. तेरवी जवळ आली होती. तिने मोबाइल काढून दाखवला, त्यात उन्हाने डोळे बारीक केलेला एक माणूस होता आणि, सांगितलं ना, बैल.

"कोन्या लग्नात गेले होते?" काकांनी विचारलं.

"शेजारच्याच्या पोरीच्या. आमच्या पोरायचे बाबा वाढायले होते तठी."

"काय झालं होतं त्या लग्नात?"

दीर गोंधळला. "लगन झालं होतं," तो म्हणाला.

"तसं नाई. काई बिघडलं होतं का?"

बाई पदर सारखा करत म्हणाली, "पुऱ्या सरल्या होत्या."

काकांनी मांडीवर थाप मारली. "हाये. पोरी, काढ. पुऱ्या सरल्या."

मी खुर्चीत बसले, फोल्डर उघडला. आत काही नव्हतं. ढगवाली नावं नाहीत, बिनढगवाली नाहीत. ना मठ्ठा, ना मामा, ना बँडवाले. पांढरा स्वच्छ पडदा.

"काका, फोल्डर कुठे आहेत?"

"वर. तूच तर म्हनते, सारं वर हाये म्हनून. खालचं साफ केलं मी. सारं धरलं अन् देल्लं उडवून." आणि वर अभिमानाने, "कचऱ्याचा डबा बी रिकामा केला. उकिरडा घरात कोन ठेवते?"

"काही विचारलं नाही त्याने?"

"इचारलं न. मी हो म्हनलं."

मी क्लाउडची वेबसाइट उघडली. तिथेही काही नव्हतं. नसणारच. ते पेव नव्हतंच कधी. खालचं धान्य आणि वरचं धान्य वेगळं नव्हतं, एकच खोली होती आणि तिला दोन दारं. या दाराने झाडून काढलं की त्या दारातून काय दिसणार? हे मी त्यांना हळू आवाजात सांगितलं. रागवायचं होतं मला, तोंडापर्यंत शब्द आले होते. पण त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि ते स्टुलावर बसले, तेव्हा गिळले.

जन्मात एक फोटो न पुसलेला माणूस. चपला शोधणारे सुद्धा सांभाळून ठेवले होते त्याने. आणि पुसले तर सगळेच एकदम.

"तेवढे लोकं होते त्याच्यात," ते म्हणाले. "एकडाव देवानं नेले. आता मी नेले."

बाईला आमचं कुजबुजणं कळत नव्हतं. तिने बसल्या जागेवरून विचारलं, "सापडून राह्यलं का, दादा?"

मला वाटलं आता काका ‘हो हो’ म्हणणार. उद्या या म्हणणार, आणि ती बाई पुन्हा पहिली गाडी धरून येणार. काका उठले, तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"माहीत नाई, बाई," ते म्हणाले. "मायाच हातानं गेलं वाटते."

दीर उठायला लागला. बाईने त्याला हाताने बसवलं. "मंग पाहा न," ती म्हणाली. "आमची गाडी दुपारची हाये. मी बसली हाये."

तिच्या त्या बसण्याने माझं डोकं जागेवर आलं. खालचा उकिरडा काकांनी रिकामा केला होता, पण वरच्या घराचा उकिरडा वेगळा असतो. पुसलेलं तिथे काही दिवस पडून राहतं, मग आपोआप जातं. मी वेबसाइटवर कोपऱ्यातली कचऱ्याची डबी उघडली. आधी गोल फिरत राहिलं. आमच्या इंटरनेटलाही तीच वेळ सापडली होती. मग एक नाव आलं, ‘मामा रुसला’. त्याच्याखाली ‘अक्षता वल्ल्या झाल्या’. मी खाली खाली जात राहिले आणि नावं येतच राहिली.

"काका," मी म्हटलं, "या इकडे."

ते येऊन पाठीमागे उभे राहिले. मग नाक ओढून म्हणाले, "बारा वर्सानं उकिरड्याचे बी पांग फिटतात म्हंतात." आणि मला हसू आलं, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. सुटलो बाई, असं मी मोठ्याने म्हटलं सुद्धा.

सगळं निवडून मी परत आणायचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट आली. काकांनी माझा हात धरला.

"थांब. काय इचारून राह्यलं ते?"

"परत आणू का विचारतंय."

"पुरं वाच."

मी एकेक शब्द वाचला, मराठीत सांगितला.

"अन् हो म्हनलं तर?"

"तर आणेल, काका."

"दुसरं काई नाई न करनार?"

"नाही."

त्यांनी माउस स्वतःच्या हातात घेतला, बाण सावकाश त्या चौकटीवर नेला आणि तोंडाने ‘हो’ म्हणून बटण दाबलं.

फोल्डर परत यायला लागले, प्रत्येकाशेजारी ढग. ‘पुऱ्या सरल्या’ आला तसा मी उघडला. पंगतीचे फोटो एक एक खाली उतरू लागले. बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिच्या अंगाला मेथीचा वास होता. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, असं ती सांगत होती, आणि वाढणारे सगळेच पांढऱ्या सदऱ्यातले. मग एका फोटोवर तिने बोट ठेवलं. एक माणूस पंगतीत वाकलेला, हातातलं टोपलं उलटं करून समोरच्याला दाखवतोय, बघा, संपल्या. आणि इतका मनापासून हसतोय की समोरचा उपाशी पाहुणासुद्धा हसायला लागलाय.

"असेच हासत," बाई म्हणाली. "घरात काई सरलं का असेच. तेल सरो, मीठ सरो." मग तिला रडू आलं. दीर बाकावर बसून पंख्याकडे बघत राहिला.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, मागची माणसं काढते, टोपलंही काढू का? काकांनी खाकरायच्या आत ती म्हणाली, "नोको. टोपलं राहू द्या." टोपल्यासकट फोटो मोठा करून, चौकटीत घालून दिला. दुपारची गाडी त्यांना मिळाली.

त्या दिवसानंतर काकांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, त्यांनी कॉम्प्युटरचं नावच टाकलं. "जागा मोकळी करायची तर तूच कर. मी बोट लावत नाई," म्हणाले, आणि नाहीच लावलं. मीही एक मोठी डिस्क आणून सगळ्याची वेगळी प्रत करून पेटीत ठेवली. पाला त्यांनी घातलाच. दुसरी गोष्ट म्हणजे चौकट आली की ते मला ती वाचायला लावायचे, मग ती फुकटच्या जाहिरातीची का असेना.

परत आलेले फोटो नीट आहेत का ते मी नंतर सावकाश तपासत होते. ‘बँडवाले भांडले’मध्ये एक फोटो सापडला. तो काकांनी काढलेला नव्हता, त्या लग्नात दुसरा कॅमेरा धरायला एक माणूस बोलावला होता, त्याने काढलेला. मध्ये नवरा-नवरी, आणि कोपऱ्यात काका. एक हात वर, तोंड उघडं, ‘अबे सरक की तिकडं’ असं सनईवाल्यावर ओरडताहेत. दुसऱ्या हातात जिलेबी. पोज नाही, काही नाही. आयुष्यभर कॅमेऱ्यामागे राहिलेल्या माणसाचा आमच्या सगळ्या पसाऱ्यात हा एकच फोटो.

मी त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिला. "हा चालते," म्हणाले. कशाला चालतो ते मी विचारलं नाही. मी त्यावर उजवं बटण दाबून ‘याच कॉम्प्युटरवर कायम ठेवा’ केलं. ढग गेला, हिरवी टिक आली.

आता स्टुडिओ मी चालवते. काकूंचे गुडघे धरले म्हणून दोघं लेकीकडे राहायला गेले, पण काका ठणठणीत आहेत. महिन्यातून एकदा तरी फोन येतो. बोलणं ठरलेलं.

"लाल झालं का, पोरी, कॉम्प्युटर?"

"झालं होतं. केलं मोकळं."

"मायावाला फोटो हाये का?"

"आहे, काका."

"न पाह्यता सांगू नोको. पाय."

मग मी हातातलं काम टाकून तो फोल्डर उघडते. तो माणूस तिथे असतो, जिलेबीसकट ओरडत. मला दर वेळी बरं वाटतं.

"आहे. हिरवी टिक आहे. मोठा करून ठेवू का?" मी मुद्दाम विचारते.

"हटवू नोको," काका म्हणतात, "पन घाई बी करू नोको. आज घरी वांग्याची भाजी हाये."